कपबशीला एक मत

आमच्या बिल्डिंगमध्ये मत कुणाला जाणार हे मतदानाच्या कितीतरी आधी बायकांच्या पदरात ठरून जायचं. उमेदवाराची बायको प्रचाराला दारी आली की तिला खुर्चीवर बसवायचं, हळदीकुंकू लावायचं आणि खण, नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरायची. ज्या घराने ओटी भरली त्या घराने शब्द दिला. पुरुषांनी पत्रकं घेतली, चहा ढोसला, माना डोलावल्या, तर त्याला कुणी हिंग लावून विचारत नसे. ओटीचा शब्द मात्र पाळायचाच. ही पद्धत कुणी काढली देव जाणे. कोकणातून, देशावरून, लालबाग-परळमधून उठून विरार पूर्वेला चंदनसारच्या रस्त्यावर फ्लॅट घेतलेली आम्ही माणसं. एरवी गणपतीच्या आरतीची वेळ ठरवताना आमची भांडणं व्हायची, पण या बाबतीत सगळ्या मजल्यांचं एकमत होतं.

त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या नगरपरिषदेचा अध्यक्ष लोकांनी थेट निवडायचा होता. तोवर नगरसेवक आपापसात कुणाला तरी खुर्चीत बसवायचे आणि आम्हाला ते नंतर कळायचं. आता अध्यक्षासाठी वेगळी मतपत्रिका मिळणार होती. मी तेव्हा पस्तिशीची होते. मला आपलं वाटलं, चला, एकदा तरी आपल्याला कुणी विचारतंय. लग्नात मला विचारलं नव्हतं आणि हा फ्लॅट घेतानाही नाही.

उमेदवार तीन होते. पहिले शेठ. आमच्या बिल्डिंगला रोज सकाळी पाण्याचा टँकर यायचा तो त्यांचा. त्यांचं चिन्ह छत्री. पाणी विकणाऱ्याला छत्री मिळाली म्हणून मी हसले, तर नवरा म्हणाला, हसू नकोस, भिंतींना कान असतात. दुसरे वकील. ते दर निवडणुकीत पाण्याची लाईन आणायचे. त्यांच्या लाईनचे मोठाले पाईप आमच्या रस्त्याच्या कडेला इतकी वर्षं पडले होते की त्यांत कुत्र्यांच्या पिढ्या वाढल्या. गावात खरी लढत या दोघांची. आणि तिसरी उमेदवार होती माझी मावशी.

माझं माहेर वसईजवळच्या होळी गावातलं, भाजीच्या वाडीतलं. माझ्या आईची ही धाकटी बहीण विरारच्या पूर्वेला, डोंगराखालच्या वाडीत दिलेली. काका गेल्यावर केळी, मुळा, वांगी, सोनचाफा, सगळं तिने एकटीने सांभाळलं. लहानपणी मे महिना मी तिच्याकडे काढायची. तिच्या विहिरीचं पाणी इतकं गोड की माहेरी परतल्यावर आमचं पाणी मला मचूळ लागायचं. मग शेजारच्या वाडीवाल्याने आपल्या विहिरीवर पंप बसवून पाणी टँकरला द्यायला सुरुवात केली. दोन्ही विहिरींचा झरा एकच. त्याची विहीर उपसली की मावशीची खाली जायची. दोन उन्हाळे तिने तळ बघितला. शेजाऱ्याशी ती भांडली नाही. तालुक्याला अर्ज केले, सभेत उभी राहून बोलली, आणि शेवटी अध्यक्षपदाचा फॉर्म भरला. तिचं म्हणणं एवढंच होतं की विहिरींचं पाणी टँकरला विकणं बंद करायचं, लाईन येईल तेव्हा येईल.

"चिन्ह बादली मागितली होती," ती मला म्हणाली होती. "दिली कपबशी. बरोबर हाय. पानी तेवढाच उरलाय."

आता टँकर बंद म्हणजे काय, हे आमच्या घराइतकं कुणाला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सोसायटीने एकदा दुसऱ्याच कुणाचा तरी टँकर मागवला म्हणून शेठ रुसले होते आणि पाणी थांबलं होतं. रस्त्यापलीकडच्या हातपंपावरून आम्ही बायका तिसऱ्या मजल्यापर्यंत कळश्या वाहत होतो. माझ्या सासूबाईंना नको नको म्हटलं तरी त्यांनी कळशी उचलली आणि जिन्याच्या वळणावर पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा धड चालल्या नाहीत. पलंगावरून खुर्चीत आणि वॉकर धरून मोरीपर्यंत, एवढंच त्यांचं जग झालं. त्यांचं अंग पुसायचं, चादरी धुवायच्या, तर पाण्याला पर्याय नव्हता. सकाळी टँकरचा हॉर्न ऐकला की मला हायसं वाटायचं.

आणि एकदा तळमजल्याची टाकी धुताना मला त्या पाण्यात सोनचाफ्याच्या पाकळ्या सापडल्या. मावशीचं चाफ्याचं झाड कुंपणावरून शेजारच्या विहिरीवर ओणवं झालेलं, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी पाकळ्या मुठीत धरून वर आले आणि नवऱ्याला दाखवल्या. तो म्हणाला, "पाणी कुठून तरी येणारच ना. आभाळातून थोडंच पडतंय रोज?" पाकळ्या मी पदरात बांधून ठेवल्या. चादर मात्र त्याच पाण्यात धुतली.

नवरा सोसायटीचा सेक्रेटरी होता. गच्चीवर मीटिंग झाली आणि ठरलं की आमच्या बिल्डिंगची आणि मागच्या बिल्डिंगची सगळी मतं छत्रीला. त्या बदल्यात शेठ मे महिन्यातही एक दिवस टँकर चुकवणार नाहीत. शब्द नवऱ्याने दिला. खाली आल्यावर त्याने दार लावलं आणि मला म्हणाला, "तुझी मावशी आहे, मला कळतं. पण घरात विषय नको."

"अहो, मत गुप्त असतं ना?"

"मत गुप्त असतं. पेटी गुप्त नसते. कुठल्या पेटीतून काय निघालं ते शेठना त्याच दिवशी कळतं."

शेठची बायको आली तेव्हा प्रत्येक मजल्यावर रांगोळी होती. बाई स्वभावाने चांगली. धापा टाकत तीन मजले चढली, सासूबाईंच्या पाया पडली. मी तिची ओटी भरली. माझे हात सरावाने चालत होते, पण मनात राग राग होत होता. वकिलांची बायको आली त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगने दारं लावून टीव्हीचे आवाज बंद केले. मी चुकून दार उघडलं, मला वाटलं गॅसवाला आला. मग तिला पाणी दिलं आणि ओटीचं नाव काढलं नाही. ती समजली. "बरंय," म्हणाली आणि उतरून गेली.

मावशी आली ती एकटीच. खांद्याला पिशवी, पिशवीत केळफूल आणि मुळ्याची जुडी. खालच्या मजल्यांवर तिने बेल वाजवलेली मला ऐकू येत होती. एकही दार उघडलं नाही. मी आमचं दार उघडून उभी राहिले. समोरच्या बाईच्या दाराच्या भिंगाआड हालचाल झाली.

"मावशी, ये," मी म्हटलं, आणि भिंगापलीकडच्या बाईला आमचं नातं कळलं.

मावशी आत आली, पण दार लावून घेणं मला सुचलं नाही. ती थेट सासूबाईंच्या पलंगाशी बसली. खुब्याची चौकशी केली, कुठलं तेल लावता ते विचारलं. मताचा विषय नाही. तिने मागावं, मी नाही म्हणावं किंवा हो म्हणावं, काहीतरी एकदाचं व्हावं असं मला झालं होतं.

"मत नाही मागणार?" मीच विचारलं.

"मत मागायला नाय आली, पोरी. पानी दे."

मी माठातलं पाणी दिलं. तिने एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. मग सावकाश पेला रिकामा केला.

"आपल्याच हिरीचा पानी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "तिची ओटी भर गो."

मला वाटलं, त्यांना कळलं नसेल. मावशी विधवा. विधवेची ओटी कुणी भरत नाही. सासूबाई स्वतः विधवा, आणि या बाबतीत माझ्यापेक्षा कितीतरी कडक. शिवाय आमच्या घराने शेठच्या बायकोची ओटी भरलेली, आणि दार उघडं.

"आई, अहो..."

"भर म्हटलंय ना? तिच्या बावीचा पाणी माझ्या अंगार घालतंस, तेव्हा विचारलंस माका?"

बाव म्हणजे त्यांच्या कोकणातल्या बोलीत विहीर. मी स्वयंपाकघरात जाऊन नारळ घेतला, तांदूळ घेतले. शेठला कळलं तर काय, नवऱ्याला काय सांगायचं, आणि या सगळ्याखाली कुठेतरी आनंदही होत होता, हे खोटं कशाला बोलू? मी मावशीसमोर उभी राहिले. तिने पदर पुढे केला नाही. उलट तो गच्च गुंडाळून घेतला.

"नको," ती म्हणाली. "ओटी घेतली म्हनजे मी पन शब्द दिला. मग निवडून आल्यावर तुमचा टँकर मला बंदच करायला लागंल. तुमच्या घरची ओटी घेऊन मी तुमचा पानी तोडू? नाय जमायचा."

तिने माझ्या हातातल्या ताटलीतून तांदळाचे चार दाणे उचलले, कपाळाला लावून परत ताटलीत टाकले आणि निघाली. मी नारळ घेऊन तशीच उभी. समोरचं भिंग जागंच होतं.

तो नारळ मी देवापुढे ठेवला. नवरा घरी आला, त्याने नारळ बघितला. त्याला जिन्यातच सगळं कळलं होतं. तो ओरडला असता तर मी भांडले असते. तो नुसता आईच्या पलंगावर बसून राहिला. "मी काय करू, सांग ना," असं म्हणाला, आणि ते आम्हा दोघींपैकी कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मला त्याची कीव आली. तोही अडकला होता, फक्त माझ्या पलीकडच्या बाजूने.

मतदान शाळेत होतं. सासूबाईंसाठी शेठच्या माणसांनी रिक्षा पाठवली आणि खुर्चीत बसवून त्यांना उचलून नेलं. आडोशाच्या आत मात्र त्या कुणालाही येऊ देईनात. वॉकर धरून एकट्या गेल्या आणि बराच वेळ आत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळावर घाम होता. मतपत्रिकेची घडी त्यांनी स्वतः पेटीत टाकली.

मग माझी पाळी. हातात शिक्का आणि समोर तीन चित्रं. छत्रीवर उमटवला तर मावशीच्या विहिरीचा तळ. कपबशीवर उमटवला तर सासूबाईंची मोरी कोरडी. मधल्या माणसाचे पाईप, त्यात कुत्री. मला संताप आला. मला वाटलं होतं कुणीतरी विचारतंय, आणि विचारत होते ते हे, की बाई, तुझ्या दोन म्हाताऱ्यांपैकी कुणाला तहानलेलं ठेवू? मी कपबशीवर शिक्का मारला. त्यात शौर्य काही नव्हतं. मावशी निवडून येणार नाही याची मला खात्री होती, म्हणूनच मी तिला मत देऊ शकले. ती येण्यासारखी असती तर माझा हात उचलला नसता. हरणाऱ्याला मत द्यायला काय जातं, असं मी मनाला सांगितलं. आणखीही दोनचार जणींनी दिलं असेलच, त्यात माझं एक कुणाला दिसणार?

शेठ निवडून आले. गुलालाची गाडी रस्त्यावरून गेली, बिल्डिंगने गच्चीवरून फटाके लावले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला नाही.

नवरा शेठच्या ऑफिसात जाऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. आमच्या पेटीतून कपबशीला मत निघालं होतं. एक. मागच्या बिल्डिंगच्या पेटीत सगळं चोख, वकिलांनाही काही नाही. बाद मतंही थोडी होती, पण त्यांचं शेठना काही नव्हतं. त्यांचा माणूस म्हणाला होता, "एक असो की शंभर, शब्द म्हणजे शब्द. आधी घर शोधा."

घर शोधायला कुणाला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत आमच्या दाराशी जिन्यात माणसं जमली. समोरची बाई सगळ्यांत पुढे. "मावशी कुणाची ते आम्हाला माहितीये, सेक्रेटरीसाहेब. तुमच्या घरामुळे सगळ्यांनी का सोसायचं?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याने मला विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं, पण त्याला ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळतंच. मी पुढे झाले. होय, माझं मत, काय म्हणणं आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"माझां मत ता!" पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला, जिन्याच्या तळापर्यंत जाईल असा. "मी दिलंय. काय करतलास ता करा. येवा आत, न्हेवा माका उचलून."

मोडक्या खुब्याच्या म्हातारीशी कोण भांडणार? कुणीतरी पुटपुटलं, आजींना दिसत नाही नीट, चुकून शिक्का उमटला असेल. नवऱ्याने ते वाक्य झेललं आणि तसंच शेठच्या ऑफिसात नेलं. शेठ म्हणे मोठ्याने हसले. दुसऱ्या सकाळी हॉर्न वाजला.

मी सासूबाईंचं अंग पुसताना हळूच विचारलं, "आई, खरं कुणाला दिलंत?"

"दोगांकय," त्या म्हणाल्या. "एक शिक्को झिलाच्या शब्दाचो, एक तिच्या ओटीचो."

दोन शिक्के मारले की मत बाद होतं, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्यांच्या मते त्यांनी मुलाचा आणि मावशीचा, दोन्ही शब्द पाळले होते. आणि बाद मतं एकापेक्षा जास्त होती, म्हणजे बिल्डिंगमध्ये आणखी कुणीकुणी असे दोन शब्द पाळले असतील, ते मला कधीच कळलं नाही.

थोड्या दिवसांनी मावशी आली. हातात पानात बांधलेला सोनचाफा. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, अर्थात जिन्यात सांगितली गेली तशी. ती सासूबाईंच्या पलंगाशी गेली, पान सोडलं आणि सगळी फुलं त्यांच्या पदरात घातली.

"सगळ्या बिल्डिंगमध्ये एक मानूस निघाला," ती म्हणाली. "तेवढा पुरे मला."

सासूबाई फुलांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. माझं मत कुणाला गेलं ते त्यांनीही ओळखलं होतं; त्यांच्या डोळ्यांत प्रश्न होता, की सांगू का? मी मानेनेच नको म्हटलं. आमचं दार नेहमीसारखं उघडं होतं आणि समोरचं भिंग होतं. मावशीच्या पोटात काही राहत नाही. तिला कळलं असतं तर वाडीतल्या सगळ्या बायकांना कौतुकाने सांगितलं असतं, आणि त्याच वाडीत रोज शेठचा टँकर भरायला यायचा.

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. एक पायरी उतरून ती थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आनि तू गो? तू कोनाला दिला?"

'तुलाच' असं ओठांवर आलं होतं. एक शब्द, तीन अक्षरांपलीकडे काही नाही. मी कठडा धरला.

"शेठला," मी म्हटलं.

ती पायरी चढून परत वर आली, माझ्या गालावरून मातीने खरखरीत झालेला हात फिरवला.

"बरोबर केला, पोरी. घरात म्हातारा मानूस हाय. मी असती तर मी पन तेच केला असता."

ती जिना उतरून गेली. खाली टाकीवरचा पंप सुरू झाला आणि आमच्या नळाला पाणी आलं. मला जाऊन बादली लावावी लागली.